वर न केलेला हात

ज्या आठवड्यात वेराच्या शहरातले न्यायालय तिच्या गैरहजेरीत निकाल देणार होते, त्या आठवड्यात ती मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत फिरत होती. मुंबईतल्या खोलीत बसून फोनकडे पाहत राहण्यापेक्षा कुठेतरी घेऊन चला, असे तिनेच मला म्हटले होते. कुठे, तेही तिनेच सांगितले. गावातली सगळी माणसे एका जागी बसून गावाचे ठरवतात, ती सभा तिला पाहायची होती.

वेरा रशियातली. व्होल्गाकाठच्या एका मध्यम आकाराच्या शहरात प्रभाग परिषदेची निवडून आलेली सदस्य. वय एकोणतीस. वेरा हे तिचे खरे नाव नव्हे. तिची आई अजून तिथे राहते, म्हणून नाव बदलले आहे आणि शहराचे नाव गाळले आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या मुंबईतल्या एका कार्यशाळेची बातमी करायला गेलो असताना तिची ओळख झाली. आमचे बोलणे इंग्रजीत होई. इथे ते मराठीत दिले आहे.

तिचे प्रकरण असे. प्रभाग परिषद झोपाळे, बाके आणि बर्फ उपसणे यांवर चर्चा करते. एके दिवशी वरून एक कागद आला. शेजारच्या देशात लढणाऱ्या सैन्याला पाठिंबा देणारा ठराव करा, असे त्यात होते. मतदान हात वर करून. सगळे हात वर गेले. वेराचा गेला नाही. अध्यक्षांनी विचारले, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, "मी बरी आहे. हे युद्ध आहे आणि त्यासाठी मी हात वर करणार नाही."

सरकारी वकिलाचे म्हणणे, ती याखेरीज आणखी एक वाक्य बोलली, सैनिकांना खुनी म्हणाली. सभेच्या चित्रफितीत गोंगाट आहे, आवाज कळत नाही. वेरा म्हणते, ते वाक्य तिने उच्चारलेच नाही. शेजारच्या खुर्चीवर गालीना नावाच्या वयस्क सदस्य बसल्या होत्या. त्यांना सगळे ऐकू आले होते. गालीनांनी खरे सांगितले तर लहान कलम लागणार होते, म्हणजे दंड, आणि वेरा घरी जाणार होती. नाहीतर मोठे कलम, म्हणजे कैद. गुन्हा नोंदवला गेला त्याच आठवड्यात तिच्या वकिलाने तिला देशाबाहेर काढले होते. आईला भेटून दीड वर्ष झाले होते.

सापगाव

शहापुरात आधी लॉजवर गेलो. व्यवस्थापकाने खोल्या आहेत म्हणून सांगितले, मग वेराकडे पाहिले.

"साहेब, तुम्ही राहा. फॉरेनर नको."

"का?"

"फॉर्म भरा, पोलिसांना कळवा, मग ते विचारत बसणार. नसतं लफडं. त्यात रशियन म्हणता. नकोच."

तो काय म्हणाला ते वेराने विचारले. मी शब्दाला शब्द लावून सांगितले. ती म्हणाली, "माझ्या शहरातही मला आता कोणी खोली देणार नाही. पण ते तोंडावर सांगणार नाहीत. पाण्याचा नळ बिघडलाय म्हणतील."

जवळच सापगावला माझे एक जुने सहकारी राहतात. तालुक्याच्या बातम्या पाठवण्यात त्यांची उमर गेली. त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्या पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या आणि कडव्या वालांचे बिरडे केले होते. वेराने भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि हिला खमीर लावता का, असे विचारले. काही लावत नाही, नुसते उकळते पाणी आणि हात, हे कळल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिसरी भाकरी तिने स्वतः थापली. ती परातीतच फाटली. "असू दे गो, खाताना फाडायचीच हाय," बाईंनी तिची समजूत काढली.

परदेशी पाहुणी उतरली की पोलिसांना कळवावे लागते. ते कळवले होते. दुपारी एक हवालदार आले. गणवेश दारात दिसताच वेरा उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पारपत्र होते, अंगात स्वेटर होता आणि पायांत मोज्यांचे दोन जोड होते.

"मॅडम काय करतात?" हवालदारांनी मला विचारले.

"शिक्षिका होत्या. भूगोल शिकवायच्या."

"भूगोल? आमचा पोरगा त्यातच गचकला." त्यांनी पारपत्र चाळले. "तिकडं लय थंडी ना? सभा, मोर्चा असलं काय नाय ना? टुरिस्ट व्हिसा हाय म्हणून विचारतो."

ग्रामसभा बाहेरून पाहायची आहे, असे मी सांगितले.

"बघायला काय, बघा. बोलायचं मात्र नाय." मग त्यांनी वेराबरोबर एक फोटो काढून घेतला, चहा घेतला आणि ते गेले.

"ताई, दुपारचे मोजे कशाला?" बाईंनी विचारले. वेराने सांगितले. तिला तीनदा पकडले होते. पहिल्यांदा एका कोऱ्या कागदाचा फलक घेऊन चौकात एकटी उभी राहिली म्हणून. कागदावर एकही अक्षर नव्हते. काय लिहायचे होते ते आम्हाला माहीत आहे, असे पोलीस म्हणाले. कोठडीची फरशी थंड असते आणि बूट काढून घेतात. तेव्हापासून दारात गणवेश दिसला की ती आधी मोजे चढवते.

संध्याकाळी भातसा नदीच्या काठी फिरायला निघालो, तेव्हा बाईंनी ते दोन्ही जोड धुऊन दोरीवर टाकलेले होते.

नदीकाठी वेराने आपली राजकारणातली सुरुवात सांगितली. ती विसाव्या वर्षी झाली. त्यांच्या पाचमजली इमारतीच्या अंगणातली लिंडनची झाडे गाड्या लावण्याच्या जागेसाठी तोडायची होती. ती दारोदार गेली. बहुतेक दारे उघडली नाहीत. ज्यांनी उघडली त्यांत गालीना होत्या. त्यांनी तिला आत घेतले, सूप दिले आणि अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा ते शिकवले. झाडे वाचली. पुढे निवडणूक लढवायलाही गालीनांनीच उभे केले. परिषदेच्या पहिल्या सभेला वेराकडे बरा कोट नव्हता. तोही त्यांनीच दिला. निवडून आल्यावर वेराने आपला फोन नंबर प्रत्येक जिन्यात लावला. छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांबद्दल लोक पहाटेसुद्धा फोन करत. एक सुळा एका बाबागाडीवर पडला होता, गाडी सुदैवाने रिकामी होती. त्यानंतर छपरे साफ करवून घेण्यासाठी तिने एक अख्खा हिवाळा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या.

"हेच माझे राजकारण," ती म्हणाली. "बर्फ आणि झाडे. युद्ध मी शोधत गेले नव्हते. ते आमच्या विषयपत्रिकेवर आणून ठेवले."

म्हसा

म्हशाची जत्रा पौषात भरते. देवळापासून माळापर्यंत पाले, घोंगड्यांचे ढीग, गोडीशेवेचे डोंगर, आणि पलीकडे बैलांचा बाजार. बैलांची शिंगे रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा. धूळ इतकी की घेतलेल्या भज्यांवर तिचा थर बसे. वेरा त्यांवर फुंकर मारून खात होती. तिला जत्रेत सगळ्यात आवडले ते गिऱ्हाईक बैलाचे दात बघते ते. "उमेदवारांचेही असे बघायला हवेत," ती म्हणाली.

आम्हाला काथोडबाबांना भेटायचे होते. सिद्धगडाच्या रांगेखाली ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. तिथे दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. त्या वाडीतून निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य सुमन माझ्या ओळखीची. काथोडबाबा तिचे चुलतसासरे. वर्षभर नाचणी-वरी करतात आणि जत्रेत बैलांची दलाली. बाजार आटोपून ते आम्हाला वाडीवर नेणार होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाशी हात मिळवून उभे होते. दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला. दोघे एकमेकांकडे न पाहता तिसरीकडेच पाहत होते. रुमाल मधूनच हलत होता. थोड्या वेळाने गिऱ्हाइकाने मान हलवली आणि तो निघून गेला. एक शब्दही झाला नव्हता.

"हे काय होते?" वेराने विचारले.

"भाव," काथोडबाबा म्हणाले. "बोटं धरायची. जेवढी बोटं, तेवढा भाव. आजूबाजूला पन्नास मानसं कान लावून हायेत. उघड्यावर बोललो तर मालकाची अब्रू जाते, घेनाऱ्याची पन जाते. रुमालात कोनाची जात नाय."

"पण तुम्हाला तर दोघांचेही कळते. तुम्ही कोणाला सांगितले तर?"

मी भाषांतर केले. बाबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "भाव फुटला तर दलाल मेला. परत जत्रेला तोंड दाखवायचं नाय."

वेराने हात पुढे केला. मला करून दाखवा, म्हणाली. काथोडबाबा दोन पावले मागे सरकले. "बाईमानसाचा हात नाय घेत आमी. ह्यांना दाखवतो." त्यांनी माझा हात ओढून रुमालाखाली घेतला. बोटे कशी चेपतात ते मला कळले, तिला नाही. ती हसली, पण तो नकार तिला लागलेला दिसत होता.

जीपची वाट पाहताना मला म्हणाली, "आमच्या सभेत असा रुमाल असता तर किती हात खाली राहिले असते, हा विचार मी दीड वर्ष करते आहे. ठरावानंतर कपडे ठेवण्याच्या खोलीत दोघांनी माझा हात दाबला होता. आपापल्या कोटांच्या आड."

"गालीनांनी?"

"त्या तेव्हा माझ्या कोटाचे बटण लावून देत होत्या."

वाडी

वाडीचे नाव इथे देत नाही. सुमनने तसे सांगितले आहे. जीप पायथ्याशी सोडून चढावे लागते. वर कुडाची घरे, सारवलेली अंगणे, आणि घरांच्या वर कातळातून येणारा एक झरा. उन्हाळ्यात खालच्या गावांत टँकर येतो, त्या दिवसांतही हा झरा पुरतो. या तालुक्यांतल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते हे सर्वांना माहीत आहे. धरणाच्या आसपासच्या वाड्या टँकरवर जगतात, हेही माहीत आहे. या वाडीला पाणी आहे ते कोणी तिला आणून दिलेले नाही.

त्या झऱ्याच्या वरची टेकडी दगडखाणीसाठी हवी होती. अशा खाणीला इथे खदान म्हणतात. खदानीला ग्रामसभेची संमती लागते. सभेत तोच एक विषय होता.

सुमन सव्वीस वर्षांची. नवरा वाशिंदला कारखान्यात जातो, आठवड्याला येतो. तिने वेराला आपादमस्तक न्याहाळले आणि मला विचारले, "दादा, ही पन मेंबर ना?"

"होती. काढून टाकले."

"मना पन काढनार हायेत. बस गो, भाकर खा." ताटात नाचणीची भाकरी, सुकट आणि वालाच्या शेंगा होत्या. वेराने सुकटीचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, आमच्याकडेही मासे असेच वाळवतात, फक्त मोठे. आजी खिडकीत दोरीला लावायची, आणि सगळा जिना तक्रार करायचा. सुमनला हे फार पटले. "हितं पन सासू वरडते."

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या अंगणात भरली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, टेबलामागे सरपंच आणि पंचायतीचे अधिकारी. अंगण भरून माणसे कुडांना टेकून उभी होती. हवालदारांना शब्द दिल्याप्रमाणे वेरा अंगणाबाहेर, चिंचेखाली बसली. खाली खदानवाल्यांकडे डंपर चालवणारा एक तरुण मोबाईल उंच धरून प्रत्येकाचा चेहरा टिपत होता. तो सुमनचा सख्खा दीर होता.

अधिकाऱ्यांनी ठराव वाचला. सरपंच म्हणाले, "रस्ता होईल, पोरांना काम मिळेल. विकास नको का तुम्हाला?"

सुमन उठली. "झरा कुठनं येतो ते सांगा आधी. खदानीत सुरुंग लावल्यावर तो राहील का?"

"ते इंजिनियर बघतील."

"इंजिनियर उन्हाळ्यात हंडा घेऊन येनार हाय का हितं?"

बायका हसल्या. सरपंच हसले नाहीत. त्यांनी चिंचेकडे बोट दाखवले. "ही कोन बसवलीय तिथं? फॉरेनची बाई आनायची, फॉरेनचे पैसे घ्यायचे आन् आमच्या लोकांची डोकी फिरवायची. फॉरेनची एजंट हाय ही सुमन!" मोबाईल वेराकडे वळला.

सरपंच काय म्हणाले, ते मी वेराला जाऊन सांगितले. तिच्या देशात सरकारला नको असलेल्या माणसांना विदेशी हस्तक म्हणून जाहीर करतात. मग त्या माणसाने समाजमाध्यमावर आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी त्याखाली तसे लिहावे लागते. वेराचे नाव त्यात आहे. ती आधी हसली, मग थांबली. "म्हणजे माझ्यामुळे हिलाही तेच." ती उठून झऱ्याच्या वाटेला लागली. मोबाईल तिच्यामागे बराच वेळ फिरत राहिला. हा आरोप कोणी कोणाला शिकवलेला नाही. तो दोन्हीकडे आपापला उगवला आहे.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा," अधिकारी म्हणाले.

काही हात गेले, डंपरवर पोरे असणाऱ्यांचे. तेही मोबाईलकडे बघत.

"विरोधात?"

सुमनचा हात वर गेला. दुसरा नाही. वाडीतल्या घरोघरी आदल्या संध्याकाळी खदान नको असे तिला सांगणारी माणसे मी स्वतः ऐकली होती. आता ती जमिनीकडे बघत होती. घरकुलाच्या यादीतले नाव, रोजगाराचे काम, सगळे त्या टेबलावरून जाते. मोबाईल एकट्या सुमनवर स्थिर होता.

अधिकाऱ्यांनी पेन उचलले. तेवढ्यात काथोडबाबा उभे राहिले.

"थांबा साहेब. बैलाचा भाव आमी उघड्यावर बोलत नाय. मंग डोंगराचा कशाला बोलू?" त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "एक बोट खदान पायजे, दोन बोटं नको. मी मोजतो."

"बाबा, असं नियमात नाही."

"नसू दे. ऐका तर."

ते पुरुषांच्या रांगेत शिरले. रुमाल एका हातावरून दुसऱ्या हातावर. कोणी आभाळाकडे बघत होते, कोणी चपलेकडे. मोबाईलवाला जवळ गेला, पण रुमालाचे काय चित्रण करणार? अंगणात एवढी शांतता झाली की झऱ्याचा आवाज खाली ऐकू येत होता. शेवटच्या माणसाचा हात सोडून बाबा टेबलापाशी आले.

"नको म्हननारे जास्त हायेत. लय जास्त."

सुमन म्हणाली, "काका, बायका?"

बाबा वळले. दुसऱ्या बाजूला बायका हात तयार ठेवून बसल्या होत्या. काहींनी पदराखालून पुढेही केले होते. बाबांना त्या रांगेत जायचे सुचलेच नव्हते.

"बायकांचा हात मी कसा धरू गो? जत्रेत कवा धरला नाय."

"ही जत्रा हाय का? आमची बोटं काय चुलीत गेली? पानी कोन भरतं ह्या वाडीत?"

"तुझ्या काकूला सांगतो ना, ती मोजंल..."

"आता सांगता?"

सरपंच टेबलावर हात आपटून हसले. "ऐका! ह्यांचं ह्यांनाच पटंना!"

एवढ्या लोकांनी नकार ऐकल्यावर ठराव मंजूर लिहिणे अवघड होते. अधिकाऱ्यांना तेवढेच निमित्त हवे होते. अशी मोजणी नियमात बसत नाही आणि तीही अर्धीच, असे ते म्हणाले. मग त्यांनी नोंद वाचून दाखवली: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. पुरेशी माणसे हजर नसल्याने. अंगणात उभे राहायला जागा नव्हती. मी हे टेबलापाशी जाऊन त्यांच्या लक्षात आणून दिले. आपण कोण, असे त्यांनी विचारले. पत्रकार, म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्ही गणपूर्तीत येत नाही."

गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसांची ती अट उरत नाही. चार माणसांतही ठराव होऊ शकतो. हे टेबलामागच्या दोघांना पक्के ठाऊक होते. अंगणातल्या कोणालाही ते सांगितले गेले नाही. मी सांगितले, तेव्हा पुढच्या सभेची नोटीस कुठे लागणार, असे सुमनने विचारले.

वेराला हे सगळे मी वर झऱ्यापाशी सांगितले. तिने दोनच प्रश्न विचारले. बायकांना विसरले, यावर सरपंच सोडून कोणी हसले का? नाही. आणि हात एकटीचाच होता का? हो. ती बराच वेळ पाण्यात हात घालून बसली.

रेंजचा दगड

वाडीत फोन लागत नाही. टेकडीवर एक सपाट कातळ आहे, तिथे लागतो. त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. खदानीच्या नकाशात तोही आहे. दुपार कलल्यावर आम्ही वर गेलो. मी, वेरा, आणि तिला एकटीला सोडायचे नाही म्हणून सुमन. मागून काथोडबाबाही आले आणि थोडे दूर बसले. सकाळपासून त्यांच्याशी कोणी धड बोलले नव्हते. त्यांच्या बायकोने त्यांना भाकरीही आदळून वाढली होती.

वेराच्या फोनवर वकिलाचा ध्वनिमुद्रित निरोप आला. ती उभी राहून ऐकत होती. मग तिने तो पुन्हा ऐकला. साडेपाच वर्षे कैद. गालीनांनी साक्षीत सांगितले होते की ते वाक्य त्यांनी स्वतः ऐकले, स्पष्ट ऐकले.

दुसरा निरोप आईचा होता. साक्षीच्या आदल्या दिवशी गालीना घरी येऊन गेल्या. खारवलेल्या अळंब्यांची बरणी घेऊन आल्या, आईची भांडी घासून दिली आणि रडल्या. काही सांगितले नाही. त्या काय साक्ष देणार ते आईला तेव्हा माहीत नव्हते. तिने बरणी ठेवून घेतली, निम्मी खाल्ली. आता उरलेल्याचे काय करू, असे ती विचारत होती.

वेराचा आवाज चढला. "त्यांनी हात वर केला ते मी समजू शकते. सगळ्यांनीच केला. पण भांडी? आधी आईची भांडी घासायची आणि दुसऱ्या दिवशी..." पुढचे ती रशियनमध्ये बोलली. त्याचे भाषांतर करायची गरज नव्हती.

"काय झालं?" सुमनने विचारले. मी सांगितले.

सुमन म्हणाली, "माझा दीर रातच्याला जेवायला येनार. मीच वाढनार. पोट हाय ना त्याला. पन तिखट जास्त टाकीन." मग वेराचा हात ओढून तिला खाली बसवले. "इचारा तिला, आता जानार का घरी?"

हा प्रश्न दीड वर्ष सगळेच वेराला विचारत होते. वकील म्हणत होता, येऊ नको. बाहेर पडलेले तिचे सहकारी म्हणत होते, तुझ्यासारखी आत जाऊन कामाची नाही. आत असलेल्या एकाने तुरुंगातून लिहिले होते की आपण सगळे देशाबाहेर गेलो तर शहरात उरेल कोण? आई म्हणत होती, येऊ नको, आणि रोज हवामान कळवत होती. पारपत्राची मुदत उन्हाळ्यात संपणार होती. नवे करायला वकिलातीत गेले तर परत जा म्हणणार, हेही ठरलेले. वेराने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी काहीही बोलले तरी कोणीतरी ते माझ्याविरुद्ध किंवा माझ्या बाजूने वापरणार. तुम्हीही."

हे बरोबर होते. मी ते तसेच सुमनला सांगितले.

सुमन उठली, काथोडबाबांपाशी गेली आणि त्यांच्यापुढे हात पसरला. "काका, रुमाल द्या."

बाबांनी दिला. मग त्यांनी त्या दोघींकडे पाठ केली आणि दरीकडे तोंड करून बसले. मला म्हणाले, "तुमी पन फिरा."

मी फिरलो नाही, त्यामुळे एवढे पाहिले. सुमनने वेराचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि मराठीतच म्हणाली, "एक बोट जानार, दोन बोटं नाय." वेराला भाषांतर लागले नाही. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. एक सिद्धगडाकडे बघत होती, एक वाडीकडे. रुमाल थोडा वेळ हलला, मग थांबला. सुमनने मान डोलावली, रुमाल झटकून घडी केली आणि खांद्यावर टाकली. परत दिला नाही.

"झाला सौदा?" पाठमोऱ्या बाबांनी विचारले.

"झाला."

"बोलायचं नाय कोनाला."

"माहीत हाय. तुमचंच ऐकलंय."

उतरताना वेरा पुढे होती. दुसऱ्या दिवशी वाशिंदला आम्ही रेल्वे धरली. त्या आठवड्याच्या अखेरीस मी तिला विमानतळाच्या दाराशी सोडले. विमान कुठले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तिच्या बॅगेत सापगावच्या बाईंनी धुतलेले मोजे होते, ते मात्र तिने मला उघडून दाखवले.

त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही. शेवटी न राहवून मी सुमनला फोन केला. रेंजच्या दगडावरून तिचा उलटा फोन आला. वेराने रुमालात काय सांगितले होते, असे मी विचारले.

"दादा, बैल माझा हाय का?" ती म्हणाली. "भाव फुटला तर दलाल मेला."

मग तिने सभेची बातमी दिली. तहकूब सभेची नोटीस लागली आहे, समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर, जिथून कोणी जात नाही तिथे. ती तिने घरोघर जाऊन वाचून दाखवली. काकू बायकांच्या बाजूने मोजणार आहे. दोन रुमाल धुऊन वाळत घातले आहेत. काथोडबाबा रोज येऊन त्यांतला आपला कुठला ते विचारतात आणि ती सांगत नाही.